जपानमधली देवळं, जिन्जा आणि किल्ले पहिल्यांदा बघायला जाताय? आधी एवढं वाचून घ्या

पहिल्यांदा जपानला गेलो तेव्हा क्योतोतल्या पहिल्याच दिवसासाठी मी पाच ठिकाणं लिहून ठेवली होती, वेळेसकट. नाश्ता करून निघेनिघेपर्यंत साडेनऊ झाले, बस खचाखच, दोन बस तर सोडूनच द्याव्या लागल्या, आणि शेवटच्या देवळापाशी पोचलो तेव्हा चार पस्तीस झालेले. दार उघडं दिसत होतं, आतून माणसं बाहेर येत होती, पण तिकिटाची खिडकी साडेचारला बंद झालेली. खिडकीतल्या बाईंनी दोनदा वाकून माफी मागितली आणि हातांची फुली करून दाखवली. दुसऱ्या खेपेला आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा दिवसाला दोनच मोठ्या जागा ठेवल्या, आणि जपान बघितलं असं मला वाटतं ते तेव्हा.

तेव्हापासून ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर हेच सगळं तुकड्यातुकड्यात लिहून पाठवत आलेय, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून काढू. हे मुख्यतः जुनी देवळं, जिन्जा (म्हणजे जपानच्या मूळ शिंतो धर्माची देवस्थानं), किल्ले आणि जुनी शहरं बघायला जाणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे शॉपिंग आणि थीम पार्क यात नाही.

१. कधी जायचं ते आधी ठरवा, तिकीट नंतर

दिवाळीच्या सुट्टीत लाल पानं बघायला जातो असं बरेच जण म्हणतात. पण क्योतोत मोमिजी, म्हणजे मेपलची पानं, लाल व्हायला नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडतो, आणि मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती टिकतात. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर झाडं हिरवीच बघून परत यावं लागतं. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, साधारण मार्चच्या शेवटी ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आणि तेव्हा हॉटेलचे रेट आणि गर्दी दोन्ही डोक्यावर.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी २९ एप्रिल ते ५ मे हे दिवस टाळायचेच. याला गोल्डन वीक म्हणतात, सगळा जपान घराबाहेर पडलेला असतो. माझं मत विचाराल तर ७ मे नंतरचे दोन आठवडे सगळ्यात छान, हवा चांगली, गर्दी कमी, आणि आपल्याकडे मुलांच्या शाळा अजून सुरू झालेल्या नसतात. जूनमध्ये तिथे पावसाळा लागतो, आणि जुलै-ऑगस्टमधला दमटपणा मुंबईच्या माणसालाही जड जातो, वर ऑगस्टच्या मध्यात ओबोनची, म्हणजे पितरांच्या सणाची, सुट्टी.

आणखी एक गोष्ट, बरीच म्युझियम्स सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी सरकारी सुट्टी आली तर ती सोमवारी उघडी राहून मंगळवारी बंद ठेवतात. देवळं मात्र रोज उघडी.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

१ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना टुरिस्ट ई-व्हिसा मिळतो, एकदाच एंट्री, ९० दिवसांपर्यंत. अर्ज मात्र घरबसल्या होत नाही, व्हिसा ॲप्लिकेशन सेंटरमधूनच द्यायचा. साधारण लागतं ते असं:

- पासपोर्ट, सही केलेला फॉर्म, फोटो
- विमानाचं बुकिंग, येण्याजाण्याचं दोन्ही
- दिवसागणिक कार्यक्रम: कुठल्या तारखेला कुठलं शहर, कुठलं हॉटेल
- बँक स्टेटमेंट आणि इन्कम टॅक्स रिटर्न
- खर्च दुसरं कोणी करत असेल (आई-बाबांचा मुलगी करतेय वगैरे) तर त्याचं लेटर, नात्याचा पुरावा

सेंटरच्या साइटवर चेकलिस्ट असते, त्या दिवशीची ताजी चेकलिस्ट बघूनच फाइल लावा. दिवसागणिक कार्यक्रम नुसता भरायचा म्हणून भरू नका, मी तोच कागद पुढे प्रवासात वापरला.

आता यातला सगळ्यात मोठा खड्डा. ई-व्हिसा पासपोर्टवर चिकटत नाही, तो फोनवर साइट उघडून दाखवायचा असतो आणि तोही इंटरनेट चालू असताना. स्क्रीनशॉट चालत नाही, प्रिंट चालत नाही, पीडीएफ चालत नाही. आम्ही उतरलो तेव्हा बाबांच्या फोनला नेट नव्हतं, त्यांनी प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून आणलेली, ती पुढे केली आणि अधिकाऱ्याने नम्रपणे परत दिली. मी माझा हॉटस्पॉट दिला तेव्हा काम झालं. म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर ई-सिम किंवा रोमिंग निघण्याआधीच चालू करा, निदान एकाच्या फोनवर तरी हॉटस्पॉट पाहिजेच.

इमिग्रेशन आणि कस्टम्सचे फॉर्म 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी साइटवर आधी भरून ठेवले की क्यूआर कोड मिळतो, रांगेत उभं राहून फॉर्म भरत बसायला लागत नाही.

३. बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

मे महिन्यात जपानमधल्या भाचीसाठी हापूसची पेटी न्यायची इच्छा होते, पण नेऊ नका. सर्टिफिकेटशिवाय ताजी फळं-भाज्या नेता येत नाहीत, मांसाचे पदार्थ तर नाहीतच. सर्दीच्या गोळ्याही तपासून घ्या, स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या औषधांना तिथे बंदी आहे. रोजची बीपी-शुगरची औषधं महिन्याभराची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

घ्यायचं ते: दोन चपट्या पिनांचा प्लग, सहज निघणारे आणि सहज चढणारे बूट (दिवसातून आठ-दहा वेळा काढायचे असतात, लेसवाले नकोत), भोक नसलेले मोजे, बूट ठेवायला एक कापडी पिशवी, छोटा रुमाल किंवा पंचा कारण बऱ्याच बाथरूममध्ये हात पुसायला काही नसतं, आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतात, चिवड्याचं रिकामं पाकीट रात्रीपर्यंत आपल्याच बॅगेत.

आणि रोख पैसे. देवळांची तिकिटं बरीचशी ५०० ते १,००० येनच्या दरम्यान असतात आणि पुष्कळ ठिकाणी फक्त कॅश घेतात. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातल्या एटीएममधून आपल्या इंटरनॅशनल कार्डवर पैसे निघतात, कार्डावर परदेशातले व्यवहार चालू करून ठेवा, एवढंच.

४. ट्रेन आणि बस: पास घेण्याआधी हिशोब करा

जुने व्हिडिओ बघून सगळे जण सात दिवसांचा जपान रेल पास घेतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाली. तोक्यो ते क्योतो शिनकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) एका बाजूचं तिकीट १४,००० येनच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन २८,०००. नुसतं तोक्यो-क्योतो-तोक्यो करणार असाल तर पासात नुकसानच आहे, वर सगळ्यात फास्ट 'नोझोमी' गाडीला पासधारकांना वेगळे पैसे भरावे लागतात. त्यापेक्षा तोक्योला उतरा आणि ओसाकाहून परत या, एक फेरी वाचली. तिकीट काढताना 'ई' सीट मागा, हवा स्वच्छ असेल तर त्या बाजूने फुजी दिसतो.

मोठ्या बॅगांचं एक: लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर या शिनकान्सेनमध्ये बॅगेच्या जागेसकट सीट बुक करायला लागते. आम्ही दुसऱ्या वेळी हॉटेलच्या काउंटरवरूनच बॅगा पुढच्या हॉटेलला पाठवल्या, याला ताक्क्यूबिन म्हणतात, दुसऱ्या दिवशी बॅग तिथे हजर. आई-बाबांना जिने चढताना बघून एवढे पैसे सुखाने दिले.

शहरात फिरायला इकोका किंवा सुइका कार्ड घ्या, टॅप करायचं आणि जायचं. क्योतोच्या सिटी बसमध्ये मागून चढायचं, पुढून उतरायचं, आणि पैसे उतरताना, शहराच्या भागात २३० येन. नुसत्या बसचा एक दिवसाचा पास आता मिळत नाही, बस आणि मेट्रो मिळून १,१०० येनचा मिळतो. पण माझा अनुभव सांगते, क्योतोत शक्य तिथे ट्रेन किंवा मेट्रोने जा आणि उरलेलं चाला, बसमध्ये वेळ फार जातो.

५. दिवसाला दोन मोठ्या जागा, आणि पहिली पहाटे

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे आहे. देवळं साधारण चार-पाचच्या दरम्यान बंद होतात आणि आत सोडणं त्याच्या अर्धा तास आधीच थांबतं. नऊला उठलात तर हातात सहाच तास उरतात, आणि तेही सगळ्या टूर बसेस जेव्हा येतात तेच.

क्योतोत दोन जागा भल्या पहाटे बघता येतात. कियोमिझु-देरा सकाळी सहाला उघडतं. डोंगराच्या कडेला १३ मीटर उंच लाकडी खांबांवर उभा केलेला सज्जा, १६३३ सालचा, खिळ्यांशिवाय सांधलेला. साडेसहाला तिथे आम्ही आणि चार-पाच म्हातारे स्थानिक लोक होतो, त्यातल्या एक आजी रोज येत असाव्यात, हात जोडून झाल्यावर त्यांनी कठड्याला हलकेच थोपटलं आणि खाली गेल्या. त्याच जागी अकरा वाजता सेल्फी काढायला रांग लागते.

दुसरी फुशिमी इनारी, ती चोवीस तास उघडी आणि फुकट. क्योतो स्टेशनवरून नारा लाइनची लोकल पकडा, दुसरंच स्टेशन इनारी, समोरच दरवाजा. फास्ट गाडी तिथे थांबत नाही, त्यामुळे पाटीवर 'लोकल' बघूनच चढा. हजारो केशरी-लाल तोरी, म्हणजे कमानीसारखे दरवाजे, एकामागे एक डोंगरभर लावलेल्या आहेत, २३३ मीटर उंचीपर्यंत. बहुतेक लोक पहिल्या दोनशे पावलांत फोटो काढून परत फिरतात. तुम्ही योत्सुत्सुजी नावाच्या चौकापर्यंत तरी चढा, अर्धा-पाऊण तास लागतो, तिथून शहर दिसतं आणि गर्दी विरळ होते. उतरताना तोरीच्या खांबांकडे बघा, चढताना कोरे दिसणारे खांब मागच्या बाजूने अक्षरांनी भरलेले असतात, ज्या दुकानाने किंवा माणसाने ती तोरी वाहिली त्याचं नाव आणि तारीख. इनारी ही भाताची आणि व्यापाराची देवता, कोल्हे तिचे दूत, म्हणून जागोजागी तोंडात किल्ली नाहीतर भाताची लोंबी धरलेले दगडी कोल्हे.

६. देऊळ की जिन्जा? आत काय करायचं

दारात तोरी असेल, आपल्या तोरणासारखी दोन खांबांवर आडव्या तुळया, तर ते शिंतो जिन्जा. नावाच्या शेवटी 'जी' किंवा 'देरा' असेल तर बौद्ध देऊळ. हे एवढं कळलं की पुढचं सोपं.

तोरीतून मधोमध चालायचं नाही, मधली वाट देवाची, आपण कडेने. आत पाण्याचं टाकं असतं, पळीत पाणी घेऊन आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या हाताच्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, परत डावा हात, आणि शेवटी पळी उभी धरून तिच्या दांड्यावरून उरलेलं पाणी सोडायचं. पळीला तोंड लावायचं नाही. आईला हे शिकवावंच लागलं नाही.

जिन्जात नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, मनातलं मागायचं, परत एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळी नाही, नुसते हात जोडायचे. नाणं पाच येनचं टाकतात, कारण 'गो-एन' म्हणजे पाच येन आणि 'गोएन' म्हणजे ऋणानुबंध. हे भोकवालं पितळी नाणं सुट्ट्यातून बाजूला काढून ठेवत जा.

उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला घरातूनच माहीत असतं. तातामीवर, म्हणजे विणलेल्या चटयांवर, चपला-स्लीपर काही नाही. आणि फोटो: आवारात चालतात, मूर्तीच्या दालनात बहुतेक ठिकाणी बंदी. क्योतोतल्या गिओन भागात २०२४ पासून काही खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद आहेत, पाटी लावलेली असते, आत गेलात तर १०,००० येन दंड. समोरून मायको, म्हणजे शिकाऊ गेशा, चालत आली तर तिच्यामागे कॅमेरा घेऊन धावू नका, ती कामावर निघालेली असते.

७. गोशुइन: सहलीची खरी आठवण

पहिल्या मोठ्या देवळातच एक गोशुइनचो विकत घ्या, घड्या घातलेल्या जाड कागदाची वही, कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक देवळात किंवा जिन्जात दर्शन झाल्यावर काउंटरवर ती द्यायची, ३०० ते ५०० येन, सुटे. आतला माणूस लाल शिक्का उमटवतो, मग ब्रश शाईत बुडवून देवाचं नाव, देवळाचं नाव, तारीख लिहितो, आणि शाई दुसऱ्या पानाला लागू नये म्हणून मध्ये पातळ कागद ठेवून देतो. ते लिहीत असताना बोलू नका, व्हिडिओ काढू नका. शाळेच्या वहीत किंवा पासपोर्टमध्ये मागू नका, ही दर्शनाची पावती आहे आणि तिथले लोक ती देवघरासारखी जपतात. हा काउंटर पुष्कळदा देवळाआधी बंद होतो, म्हणून दर्शन झालं की लगेच.

८. क्योतोत आपले देव शोधा

किन्काकुजी सगळे बघतातच. सोन्याच्या वर्खाचं तळ्यातलं देऊळ, १९५० साली एका शिकाऊ भिक्षूने जाळलं आणि १९५५ मध्ये परत उभं केलं, आत जाता येत नाही, तळ्याभोवती फेरी मारून पाऊण तासात बाहेर. सुंदर आहे, पण त्यासाठी शहराच्या त्या टोकाला जायचं, तर जवळच्या र्‍योआनजीलाही जा, पांढऱ्या खडीत १५ दगड आहेत आणि कुठेही बसलात तरी एक दगड लपतोच. किन्काकुजीसारखी गर्दी नसते, पायरीवर अर्धा तास बसता येतं.

मी मराठी माणसाला आवर्जून पाठवते ते सांजूसान्गेन्दो आणि तोजीला. सांजूसान्गेन्दो हे १२० मीटर लांब लाकडी दालन, १२६६ साली नव्याने बांधलेलं, आत १,००१ कान्नोन, म्हणजे अवलोकितेश्वर, ओळीने उभे. आणि त्यांच्या पुढे २८ रक्षक देवता. तिथे घाई करू नका. तैशाकुतेन म्हणजे इंद्र. बोन्तेन म्हणजे ब्रह्मा. नाराएन म्हणजे नारायण. आणि कारुरा म्हणजे गरुड, पक्ष्याचं तोंड, पाठीला पंख, आणि हातात आडवी बासरी धरून वाजवतोय. आई त्या गरुडासमोर किती वेळ उभी होती मला माहीत नाही, शेवटी हळूच म्हणाली, "हा इथे कधी आला गं?" मला तरी कुठे माहीत होतं, हॉटेलवर जाऊन वाचलं.

तोजी क्योतो स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर. बाहेर ५५ मीटरच्या आसपास उंच पाच मजली पॅगोडा, जपानमधला सगळ्यात उंच लाकडी मनोरा. पण खरी गोष्ट आत कोदो नावाच्या दालनात, २१ मूर्तींचा मंडल, कूकाई नावाच्या आचार्यांनी कल्पिलेला, नवव्या शतकातला. एका कोपऱ्यात हत्तीवर बसलेला इंद्र, दुसऱ्या बाजूला चार हंसांवर बसलेला चतुर्मुख ब्रह्मा. दर महिन्याच्या २१ तारखेला आवारात मोठा जुना बाजार भरतो, जुने किमोनो, वाट्या, ब्रश, सगळं. तारीख जुळत असेल तर जुळवाच.

गणपतीही आहे, पण त्याची मूर्ती दिसत नाही. कान्गीतेन किंवा शोतेन नावाने त्याची पूजा होते आणि मूर्ती बंद दाराआड ठेवतात. तोक्योत आसाकुसाच्या जवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं त्याचं देऊळ आहे, तिथे लोक पांढरा मुळा वाहतात. आसाकुसातल्या सेन्सोजी देवळाची गर्दी बघून झाली की थोडं पुढे चालत जा, टेकडीवर शांत आहे.

निजो किल्ल्यातल्या महालात (१६०३ सालचा) पाय टाकला की फरशीच्या फळ्या पाखरांसारख्या चिवचिवतात, खालचे खिळे आणि लोखंडी पट्ट्या एकमेकांवर घासून तो आवाज येतो. मोज्यांनी हळू चालून बघा. फोटोला बंदी.

९. नारा, आणि जमलं तर होर्यूजी

क्योतोहून पाऊण तास. हरणांच्या पार्काला जवळचं स्टेशन किन्तेत्सु नारा. हरणं ही कासुगा जिन्जाच्या देवाची मानतात. त्यांच्यासाठी तिथे मिळणारी सेन्बेई बिस्किटंच द्यायची, दुसरं काही नाही, आणि हातातला नकाशा किंवा प्लास्टिकची पिशवी सांभाळा. २०१९ मध्ये मेलेल्या हरणांच्या पोटात किलोकिलोने प्लास्टिक सापडलं होतं. बिस्किटं संपली की दोन्ही रिकामे हात उघडून दाखवा, हरण निघून जातं.

तोदाईजीतला बुद्ध १५ मीटर उंच, आणि ७५२ साली त्याचे डोळे उघडायचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला. ज्या ब्रशने डोळे रंगवले त्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे सगळ्यांचाच हात लागला. देवळात शिरण्याआधी नान्दाइमोन दरवाजात दोन्ही बाजूंना मान वर करून बघा, १२०३ साली उन्केई आणि काइकेई यांच्या हाताखाली घडलेले आठ मीटरच्या वर उंचीचे लाकडी द्वारपाल जाळीमागे उभे आहेत.

अजिंठा बघितलं असेल तर होर्यूजीला जा. नाराहून ट्रेनने दहा-बारा मिनिटं आणि मग वीस मिनिटं चालणं, तिकीट इतर देवळांपेक्षा महाग. जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती इथे आहेत. कोन्दो दालनातल्या भिंतींवरच्या बोधिसत्त्वांची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या पद्मपाणीशी करतात. मूळ चित्रं २६ जानेवारी १९४९ च्या आगीत करपली, आता आत दिसतात त्या प्रतिकृती, आणि तो दिवस जपानमध्ये वारसा वास्तू आगीपासून वाचवण्याचा दिवस म्हणून पाळतात.

१०. किल्ला बघायचा तर हिमेजी

ओसाकाचा किल्ला बाहेरून देखणा आहे, पण तो १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेला, आत लिफ्ट आणि म्युझियम. मूळचा मुख्य बुरूज उभा असलेले किल्ले सगळ्या जपानमध्ये १२ च उरलेत, त्यातला हिमेजी सगळ्यात भव्य, आजचं रूप १६०९ सालचं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात वरच्या मजल्यावर पडलेला बॉम्ब फुटलाच नाही म्हणून तो राहिला.

गड चढलेल्या माणसाला इथे घरच्यासारखं वाटेल. वाट सरळ बुरुजाकडे जातच नाही, गोमुखी दरवाजासारखी वळत, मागे फिरत, अरुंद होत जाते, आणि भिंतीत जंग्या, गोल, त्रिकोणी, चौकोनी, बंदुकीसाठी आणि बाणांसाठी वेगवेगळ्या. आत बूट काढून पिशवीत घेऊन सहा मजले चढायचे, जिने उभे आणि लिफ्ट नाही. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून ते खाली पटांगणात बसले, आम्ही तासाभराने उतरलो. ज्येष्ठांना बरोबर नेताय तर हे आधीच ठरवून जा. मार्च २०२६ पासून हिमेजी शहराबाहेरच्या मोठ्या माणसांना तिकीट १,००० वरून २,५०० येन झालंय.

११. शाकाहारी असाल तर

भाजीचं सूप, उदोन (जाड नूडल्स), अगदी मिसो सूपसुद्धा मासळीच्या दाशीत, म्हणजे मासळीचा अर्क उतरवलेल्या पाण्यात, केलेलं असतं, वर मासा दिसत नाही म्हणून आपण फसतो. "मांस नको" सांगून भागत नाही, "दाशीत मासा आहे का" हे विचारायचं, हे वाक्य जपानी लिपीत फोनवर सेव्ह करून ठेवा. दुकानातल्या ओनिगिरीत (भाताच्या मुटक्यात) उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, हा बऱ्यापैकी सुरक्षित पर्याय, तरी घटक ट्रान्सलेट करून बघा. उरलेलं काम थेपले आणि मेतकूट.

आणि पोटभर शुद्ध शाकाहारी जेवायचं तर पुढचा मुक्काम.

१२. कोयासानला एक रात्र

हे मी शेवटी लिहितेय, पण तुमच्या कार्यक्रमात आधी घाला. ८१६ साली कूकाईंनी, तेच तोजीवाले, या डोंगरावर मठ वसवला. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नान्काई ट्रेनने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, वर बस. वरच्या स्टेशनपासून गावात चालत जायला परवानगी नाही, बसच घ्यायची. उंची ८०० मीटर, मे महिन्यातही रात्री स्वेटर लागतो.

राहायचं शुकुबोत, म्हणजे देवळातच. संध्याकाळी सहाच्या आत जेवण, उशिरा पोचलात तर ताट मिळत नाही. शोजिन र्‍योरी म्हणतात याला: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, तिळाचं गोमा-दोफू, वाळवलेलं कोया-दोफू, डोंगरातल्या भाज्या. आई आठ दिवसांनी पहिल्यांदा न विचारता जेवली. सकाळी सहा-साडेसहाला पूजा, आणि काही शुकुबोंमध्ये 'गोमा' करतात, समिधा असतात, फक्त तुपाऐवजी तेल, पण अग्नी, मंत्र, आहुती तेच, आणि 'गोमा' हा शब्द आपल्या 'होम'चाच.

ओकुनोइन म्हणजे देवदारांसारख्या उंच सुगी झाडांतून जाणारी दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना दोन लाखांवर समाध्या, शेवाळलेल्या. पाच आकार एकावर एक रचलेले दगडी स्तूप दिसतील: खाली चौकोन, त्यावर गोल, त्रिकोण, अर्धचंद्र, आणि टोकाला थेंबासारखा. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांच्यावर कोरलेली अक्षरं जपानी नाहीत, सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली आहेत, खालून वर अ, व, र, ह, ख. बाबांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून सगळ्यात खालचं अक्षर बोटाने हवेत गिरवून बघितलं. या एका 'अ'वर डोळे लावून करायचं ध्यान इथे शिकवतात, आजिकान नाव, आधी नाव नोंदवावं लागतं. गावातल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं, तिथेही जाऊन या.

वाटेच्या शेवटी गोब्योबाशी नावाचा पूल. त्याच्या अलीकडेच टोपी काढा, खाणंपिणं संपवा, फोन बॅगेत टाका, पलीकडे फोटोला सक्त बंदी. पुढे हजारो दिव्यांचं दालन आणि मागे कूकाईंची समाधी. ८३५ पासून ते तिथे ध्यानात बसलेत असं मानतात आणि रोज दोनदा त्यांना जेवण नेतात, सकाळी सहाला आणि साडेदहाला. सहाची वेळ शुकुबोतल्या पूजेच्या आड येते, म्हणून साडेदहाची धरा, सव्वादहाला पुलापाशी उभे राहा, आणि खाली उतरायची केबल कार दुपारचीच ठरवा.